तिसऱ्या माळेचा वाद

ताकुआरालच्या बायकांच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास सांगायला आता मी एकटीच उरले आहे. सुरुवातीच्या अकराजणींपैकी दहाजणी वर गेल्या. अकरावी पोचल्याशिवाय तिथे त्यांना सामना सुरू करता येत नसणार, म्हणून मी मुद्दाम सावकाश चालते.

माझं नाव लिब्रादा, वय त्र्याहत्तर. एकोणीस वर्षं मी उजव्या बाजूला बचावाला होते. समोरचीला गोल करू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. स्वतः गोल करणं हे माझं काम नव्हतं आणि ते मी इमानेइतबारे कधी केलं नाही. अपवाद एकच, पासो इताविरुद्धचा तिसरा गोल. त्या एका गोलावर मी पन्नास वर्षं गावात मिरवले. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, लेकीच्या लग्नात, नवऱ्याच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला म्हणा हवं तर, कुठेही विषय काढा, मी तो गोल पुन्हा करून दाखवत असे. थडग्यावर काय कोरायचं तेही मी सांगून ठेवलं होतं. गावातले लोक मला ‘तिसऱ्या माळेवाली’ म्हणतात. गोलाची माळ कशी झाली, ते ऐका.

आम्ही सगळ्याजणी चिपा, म्हणजे चीज घातलेले गोल कडक पाव, विकणाऱ्या. पहाटे भट्टी पेटवायची, गरम चिपाच्या कड्या टोपलीत भरायच्या, वर पांढरं फडकं टाकायचं आणि थांब्यावर येणाऱ्या राजधानीच्या बसमध्ये चढायचं. पुढच्या फाट्यापर्यंत जाताना हलत्या बसमध्ये टोपली कमरेवर तोलत विकायचं, तिथे उतरायचं आणि परतीची बस पकडायची. दोन बसच्या मधे अर्धा तास नुसता बसून काढायचा. त्या अर्ध्या तासात आम्ही चिंध्यांचा गोळा लाथाडायला लागलो. हलत्या बसमध्ये तोल सांभाळणाऱ्या बाईला मैदानात धक्का मारून पाडणं सोपं नसतं, हे आमच्या लवकरच ध्यानात आलं. एका ड्रायव्हरने खरा चेंडू आणून दिला आणि आम्ही थांब्यामागच्या माळरानावर बांबू रोवले.

हे सगळं चौऱ्याहत्तर सालचं. जनरलचं राज्य होतं. तिसऱ्याच दिवशी फौजदार बियाल्बा माळरानावर हजर.

“इतक्याजणी एका जागी जमायचं तर परवानगीचा कागद लागतो,” तो म्हणाला.

“कागद कोण देतं?” पास्तोराने विचारलं. पास्तोरा आमची कप्तान, गोल करायला आणि भांडायला सारखीच पुढे.

“मी देतो.”

“मग द्या.”

“नाही देत. बायकांनी असल्या उड्या मारायच्या नसतात.”

पास्तोराने रात्रभर विचार केला म्हणे. परवानगीविना जमायची मुभा फक्त देवाच्या कामाला होती. दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणी डोक्यावर शाल घेऊन फादर आन्सेल्मोंपुढे गेलो आणि ‘संत रीता प्रार्थना मंडळ’ काढायचं आहे म्हणून अर्ज ठेवला.

“प्रार्थना माळरानावर का?” फादरांनी विचारलं.

“देव सगळीकडे असतो ना, फादर.”

“असतो. पण तिथे बांबू कशाला?”

“उन्हाला आडोसा करायला.”

फादरांनी माझ्या सोललेल्या नडगीकडे पाहिलं, मग पास्तोराच्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने शिक्का मारला. वर म्हणाले, “एवढी खडतर भक्ती मी सेमिनरीतही पाहिली नव्हती.”

मला बऱ्यापैकी लिहिता येत होतं, म्हणून मी मंडळाची चिटणीस झाले. दर महिन्याला वही ठाण्यावर दाखवावी लागे. त्यामुळे आम्ही शब्द ठरवून घेतले. गोल म्हणजे पूर्ण झालेली जपमाळ. फाउल म्हणजे पाप. सामना म्हणजे सत्र. अजून ती वही माझ्याकडे आहे, त्यात असं सापडेल: “आजच्या सत्रात पास्तोरा भगिनीने दोन माळा पूर्ण केल्या. डाव्या बाजूच्या भगिनींच्या भक्तीत ढिलाई दिसली. पाहुण्या मंडळातील एका भगिनीने घोर पाप केल्यामुळे तिला उरलेल्या सत्रातून बाहेर काढण्यात आलं.” फौजदाराने हे पान वाचलं तेव्हा टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली होती. मला आयुष्यात इतकं हसू दाबावं लागलेलं नाही.

आमचं बघून नदीपलीकडे पासो इतात संत रोक प्रार्थना मंडळ निघालं. त्या सगळ्या वीटभट्टीवरच्या बाया. तिथे विटा हातोहात फेकून गाडीत चढवतात, त्यामुळे फेकलेली वस्तू खाली पडू द्यायची नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांची गोलकीपर तोमासा. रुंद खांदे, फावड्यासारखे पंजे, आणि जीभ तर विचारूच नका.

पहिला खरा सामना आमच्या माळरानावर झाला, सप्टेंबरातल्या एका रविवारी. जाळं नव्हतं. रेघ चुन्याची आखलेली, ती अर्ध्या वेळातच पायांखाली गेली. पंच म्हणून चर्चचा घंटा वाजवणारा सिरिलो, दोन्ही गावच्या बायांना सारखाच घाबरणारा. आम्ही दोन, त्या एक, आणि वेळ संपत आलेली. आम्हाला कॉर्नर मिळाला. मी आपली जागा सोडून पुढे का गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. चेंडू आला, मी लाथ घातली, धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा तोमासा चेंडूवर पालथी पडली होती. आमच्या बाजूचे ओरडले, गोल. त्यांच्या बाजूचे ओरडले, नाही. सिरिलोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सामना संपल्याची शिट्टी फुंकून सायकलवर टांग मारली.

मी वहीत लिहिलं, तीन माळा. तोमासाने तिच्या वहीत काय लिहिलं, ते पन्नास वर्षं मी विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघी दर वर्षी सामन्याला भेटत आलो, पण भांडणाखेरीज एक शब्द बोललो नाही.

पुढे बरंच झालं. जनरल गेला, तेव्हा आम्ही पिठाच्या पोत्यांचे आकडे कापून पाठीवर शिवले आणि उघडपणे क्लब म्हणून मिरवलो. रंग मात्र संत रीताच्या शालीचा, जांभळाच ठेवला. राजधानीत पहिल्यांदा खेळायला गेलो आणि अकरा गोल खाऊन आलो. परतताना बसमध्ये उरलेल्या चिपा विकल्या आणि सगळ्या संपल्या, म्हणून पास्तोरा म्हणाली, दौरा यशस्वी. मग आमच्या मुली खेळल्या, मग नाती. माझी नात यानिना आता कप्तान आहे. तिची आई ब्वेनोस आइरेसला लोकांच्या घरी कामाला गेली ती तिकडचीच झाली. पोर मी वाढवली. ती चालायला लागली त्याआधी लाथ मारायला शिकली, यात माझा काही दोष नाही.

गेल्या वर्षी नवी अर्धव्यावसायिक लीग निघाली. अर्धव्यावसायिक म्हणजे काय, तर सकाळी चिपा विकायच्या, संध्याकाळी सराव करायचा, आणि दर सामन्याचं मानधन हातात पडायचं. तेवढं मिळालं तर यानिना गावात राहणार होती. नाहीतर आईने तिकडे तिच्यासाठी घरकाम बघून ठेवलं होतं, आणि शनिवारच्या बसचं तिकीटही पाठवलं होतं. आमच्या जिल्ह्याला लीगमध्ये एकच जागा होती. ती मिळणार सगळ्यात जुन्या, कधी बंद न पडलेल्या क्लबाला. आमच्याइतका जुना क्लब दुसरा नव्हताच. प्रश्न होता तो पुराव्याचा.

राजधानीहून लीगचे ओवेलार साहेब आले. बारीक, चष्मेवाले, सौम्य. मी मोठ्या दिमाखात वही पुढे केली. त्यांनी पहिली चार पानं वाचली आणि चष्मा काढला.

“लिब्रादाबाई, हे तर देवाचं काम दिसतंय.”

“फुटबॉलही देवाचंच काम आहे, साहेब.”

“ते मला मान्य आहे. माझ्या वरच्यांना मान्य नाही. इथे लिहिलंय, पेत्रोना भगिनीने गुडघ्याने पाप केलं. हे मी कुठल्या रकान्यात भरू?”

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. पण हसून झाल्यावर म्हणाले, “मला पटलं. पण कागद हवा. त्या पहिल्या सामन्यात समोरून खेळलेलं कुणी हयात असेल तर त्यांची लेखी साक्ष आणा, हा फुटबॉलचा सामना होता म्हणून. आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळायला हव्यात. शुक्रवारी संध्याकाळी मी फाइल बंद करतो.”

पासो इताच्या त्या अकराजणींपैकी हयात एकच होती. कोण, ते सांगायला नको.

बुधवारी यानिनाने मला मोटारसायकलवर मागे बसवून नदीपलीकडे नेलं. तोमासा अंगणात आंब्याखाली बसली होती. पंचाहत्तरची झाली तरी खांदे तसेच. शेजारी थंड पाण्याची सुरई, हातात तेरेरेचा, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या कडवट पाल्याच्या पेयाचा, प्याला. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ये गं, तिसऱ्या माळेवाली. केवढी वाळलीस! गोल पचला नाही वाटतं?”

“तूच खाल्लास तो. तुला पचला नसेल.”

“तोमासा आजी,” यानिना मधे पडली, “आम्ही भांडायला नाही आलो.”

“तू नसशील आलीस, बाळ. ही दुसऱ्या कशाला येतच नाही.”

पण तिने प्याला भरून माझ्या हातात दिला, आणि यानिनाने सांगितलेलं सगळं नीट ऐकून घेतलं. मग आत जाऊन मेणकापडात गुंडाळलेली वही घेऊन आली. संत रोक मंडळाची. बोट ठेवून मोठ्याने वाचलं, “पाहुणे म्हणून गेलो असता यजमान मंडळाने दोन माळा पूर्ण केल्या. तिसरी शेवटच्या मण्यावर अडकली.”

“अडकली?” मी म्हणाले.

“अडकली. माझ्या पोटाखाली.”

“रेघेच्या आत होतं तुझं पोट!”

“माझं पोट तेव्हा सपाट होतं, लिब्रादा. रेघेपर्यंत पोचायला ते काय तुझं होतं?” यानिनाने तोंड फिरवलं, हसताना मला दिसू नये म्हणून. तोमासा पुढे म्हणाली, “साक्ष देते. आनंदाने देते. तुमच्या पोरी चांगल्या खेळतात, लीगमध्ये गेल्या तर आमच्या पोरींनाही पुढेमागे दार उघडेल. पण खोट्यावर सही करणार नाही. तुझ्या वहीतली तीन खोड, दोन कर, तुझ्या हाताने. मग शिक्क्यासकट घेऊन जा.”

मी प्याल्यातला एक घोट घेतला, प्याला परत केला आणि म्हणाले, “आभारी आहे.” आमच्याकडे तेरेरे पिताना आभार मानले की समजायचं, पुरे झालं, पुढचा प्याला नको. पहिल्याच प्याल्याला आभार मानणं म्हणजे तुझ्या अंगणात मला बसायचंच नाही. तोमासाचा चेहरा लालबुंद झाला. मी उठले.

परत येताना पूल लागला. यानिना वाऱ्यात ओरडून म्हणाली, “बरं केलंस, आजी. तुझा एकच तर गोल आहे.”

“टोमणा मारतेस?”

“नाही गं. माझे सदतीस आहेत, तरी पहिला कुणी मागितला तर मीही दिला नसता.”

तिने मला समजावलं असतं, हातापाया पडली असती, तर मी भांडले असते आणि जिंकले असते. पण ती खरंच माझ्या बाजूने होती, मग भांडणार कुणाशी?

गुरुवारी दुपारी ती बॅग भरत होती. मी भट्टीची राख काढत होते, दार उघडं होतं म्हणून दिसलं. दोन जीन्स, स्वेटर, माझा जुना रेनकोट. सगळ्यात वर तिने जांभळी जर्सी ठेवली. मग ती उचलली, घडी घातली आणि माझ्या खाटेवर आणून ठेवली.

“ही इथेच राहू दे. तिकडे काय करू?”

एवढंच म्हणाली आणि चेन ओढून बॅग बंद केली. राखेची पाटी तिथेच टाकून मी मागच्या अंगणात गेले आणि स्वतःला शिव्या घातल्या. पन्नास वर्षं मी ज्या गोलाच्या बढाया मारल्या, तो याच क्लबासाठी केला होता. आणि आता क्लबाची कप्तान दुसऱ्या देशात फरशी पुसायला निघाली होती, कारण आजीला आपला गोल सोडवत नव्हता. मुलगी गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी होतं.

शुक्रवारी सकाळी मी टोपली भरली, तळाशी वही ठेवली आणि कुणाला न सांगता पासो इताच्या बसमध्ये चढले. वाटेत सवयीने अर्ध्या चिपा विकल्याही.

तोमासा तिथेच आंब्याखाली होती. तिने प्याला भरला. मी पूर्ण प्यायले. दुसरा भरला, तोही प्यायले. तिसऱ्यानंतर मी वही काढली आणि पान उघडलं. शाई तपकिरी झाली होती, पण ‘तीन’ अजून ठळक होतं. बाविसाव्या वर्षी मी ते केवढ्या जोरात दाबून लिहिलं होतं! पेन टेकवलं. खोटं कशाला सांगू, रडू आलं. नवरा गेला तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते. तोमासा आंब्याच्या फांदीकडे बघत राहिली, कैऱ्या मोजल्यासारखी. मी ‘तीन’ खोडलं, ‘दोन’ लिहिलं आणि शेजारी नाव घातलं.

तिने साक्षीचा कागद आधीच लिहून ठेवला होता. माळ म्हणजे गोल, पाप म्हणजे फाउल, सामना फुटबॉलचा, निकाल ताकुआराल दोन, पासो इता एक. सही केली, मंडळाचा शिक्का ठोकला, शाईवर फुंकर मारली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“झालं. आता कागद कागदाच्या जागी. आपण दोघीच आहोत, खरं सांग. गेला होता का आत?”

काय सांगणार? मी तिच्या त्या फावड्यासारख्या पंजांकडे बघितलं.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मी डोळे घट्ट मिटून लाथ मारली. उघडले तेव्हा तू खाली, आणि पास्तोरा मला मिठी मारून ओरडत होती. ती गोल म्हणाली, म्हणून मीही म्हणाले.”

तोमासाचं तोंड उघडं राहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हिला झटका आला.

“हसतेस काय, बये? तू तर बघितलंस ना? तुझ्या नाकासमोर घडलं!”

“कसलं नाक! चुना डोळ्यांत गेला होता माझ्या. दोन दिवस आई दुधाने डोळे धूत होती. पोटाला काहीतरी लागलं, एवढंच मला कळलं. आमच्या पोरी म्हणाल्या, नाही गेला. म्हणून नाही गेला.”

“आणि पन्नास वर्षं तू...”

“आणि पन्नास वर्षं तू!”

मग आम्ही दोघी अशा हसलो की कोंबड्या अंगण सोडून पळाल्या आणि तिची सून धावत बाहेर आली. श्वास जागेवर आल्यावर मी वही पुढे सरकवली.

“मग फाड तो कागद. नवीन लिहू. तीन.”

“सही झाली.”

“तोमासा! तुला माहीत नाही, मला माहीत नाही!”

“पण शिक्का पडलाय,” ती म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं उचललं. “गरम आहेत का गं? दे दोन.”

संध्याकाळच्या आत कागद ओवेलार साहेबांकडे पोचला. शनिवारची बस यानिनाविना गेली. तिच्या आईने फोनवर मला तासभर बोल लावले, आणि शेवटी विचारलं, पहिला सामना कधी आहे. लीगमध्ये आम्ही आता पाचव्या आहोत, बारापैकी. पन्नासाव्या वर्षाची पुस्तिकाही छापून आली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर पहिल्या सामन्याचा निकाल आहे, दोन-एक. पोरांनी विचारलं तर मी तोच सांगते. सही केली आहे, शब्द पाळते.

पण तुम्ही आता माझ्या अंगणात बसला आहात आणि तोमासा नदीपलीकडे आहे, म्हणून सांगते. डोळे मिटलेले होते हे खरं. पण लाथ बसली तेव्हा पायाला जे कळलं, ते मला अजून कळतंय. तो गोल होता.